इस्त्रीचे केस

माझी थोरली बहीण रसायनशास्त्र शिकली आणि मग तिने पार्लर टाकलं. यातली एकच गोष्ट केली असती तर मी सुखी झाले असते. मी तिच्याकडे काउंटर सांभाळते. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की ही कंगवा बाजूला ठेवून रेणू काढते.

"केस म्हणजे लांबच लांब रेणू, एकमेकांना खेटून उभे. त्यांना धरून ठेवणारे बंध दोन तऱ्हेचे. एक हलके, हायड्रोजनचे. पाणी लागलं की सुटतात, वाळलं की परत धरतात. इस्त्रीचं काम तेवढ्यावरच चालतं, म्हणून डोकं भिजलं की खेळ खलास. दुसरे पक्के, गंधकाचे. ते पाण्याला दाद देत नाहीत, औषधानेच तुटतात. आणि फार तोडले तर पुन्हा जुळत नाहीत."

बायका आरशात बघत "हो, हो" म्हणतात आणि विचारतात, "पण इस्त्री केल्यावर भिजले तरी सरळ राहतील ना?" मग ताई पहिल्यापासून सुरू करते आणि माझं डोकं उठतं.

परवा तिच्या नणंदबाई लेकीला घेऊन आल्या. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. केस जन्मापासून कुरळे, पण त्या दिवशी इस्त्री फिरवून काठीसारखे सरळ केलेले.

"कायमचे सरळ करून दे," नणंदबाई म्हणाल्या. "घरचंच काम आहे."

ताईने भाचीच्या कानामागची एक बट ओली करून ताणली. चांगला केस ताणून सोडला की परत आखडतो. हे केस चघळलेल्या च्युइंगमसारखे लांबले आणि तुटले.

"ब्लीच केलंयस?"

"नाही मामी."

"वन्सं, मी हिला औषध लावणार नाही. केस हातात येतील."

"परक्यांची कामं बरी होतात. आमचंच तेवढं जड जातं."

ताईने वाद घातला नाही. भाचीची बारीकशी बट कापली, वाटीत औषध लावून ठेवली. थोड्या वेळाने तिचा लगदा झाला. नणंदबाई म्हणाल्या, "औषध जुनं असेल." ताईने स्वतःची बट कापून त्याच औषधात ठेवली. ती जशीच्या तशी निघाली. नणंदबाई म्हणाल्या, "तुझे केस पहिल्यापासून राठच आहेत." अशा माणसापुढे शास्त्राने काय करावं? मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात भाची रडायला लागली. "दोनदा केलं मामी, घरीच, आणि वरून काळा रंग लावला. ब्लीचने मऊ होतात, मग लवकर सरळ होतात, असं मैत्रीण म्हणाली."

"अगं, पण कशासाठी?"

"पहिल्या भेटीला आईने इस्त्री फिरवून दिली. त्याला वाटतं माझे केस असेच आहेत. तेव्हापासून भेटायचं म्हटलं की आधी इस्त्री. लग्न झाल्यावर काय करू? रोज त्याच्या आधी उठून दार लावून बसू?"

नणंदबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. इतका वेळ मला पोरीचा राग येत होता, आता वाईट वाटलं.

"कुठंय तो?" ताईने विचारलं.

"बाहेर, गाडीत. न्यायला आलाय."

ताईने तिला बेसिनपाशी नेलं, मान खाली केली आणि नळ सोडला. नणंदबाई अर्ध्या उठल्या.

"वन्सं, बसा," ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "जा, त्याला आत बोलाव."

तो आला. खुर्च्यांवरून नजर फिरवली. भाचीवरूनही फिरवली आणि मलाच विचारलं, "ती आत आहे का?"

भाचीच्या केसांतून पाणी गळत होतं आणि बटा एकेक करून वर वळत होत्या.

"मीच आहे," ती म्हणाली. "माझे केस असे आहेत."

तो बघत राहिला. नणंदबाईंनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे दर वेळी मला खाली तास तास ताटकळत ठेवायचीस," तो म्हणाला, "ते यासाठी?"

तिने मान डोलावली. त्याला हसावं की चिडावं कळेना. ताईने त्याच्या हातात टॉवेल कोंबला. "आता उभाच आहेस तर पूस. दाबून, चोळायचं नाही."

त्याने ऐकलं आणि चोळायलाच लागला.

"अरे, दाबून सांगितलंय ना," भाची त्याच्यावर खेकसली. इतका वेळ घाबरून रडत होती ती हीच का, असं मला वाटलं.