टिनावर वाळत घातलेले फोटो

आमच्या घरचा फोटो छापायचा प्रिंटर एकदाचा बंद पडला, तेव्हा मला बरंच वाटलं. त्याच्यावरच छापलेला मायचा फोटो भिंतीवर होता. ती गेली त्याला दोन वर्षं झाली, आणि तेवढ्या काळात दारातून येणाऱ्या उन्हानं तिच्या लुगड्याचा जांभळा काठ पार विटकरी झाला होता. ते कोसा रेशमाचं लुगडं बाबांनी स्वतः विणलेलं. मोहाडीत हातमागावर उभा जन्म काढलेला माणूस! रोज जेवताना फोटोकडे बघायचे आणि एकच बोलायचे, "हा माहा काठ नोहे."

म्हणून नवा प्रिंटर घ्यायला त्यांनाही तुमसरला नेलं. खरं सांगते, मला न्यायचं नव्हतं. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, माग बंद पडून जमाना झालेला. यांना आता रंगातलं काय दिसणार, असं मी तोंडावर बोललेही. "तू तिकीट काढ," एवढंच ते म्हणाले. काखेत पिशवी होती, पिशवीत ते लुगडं.

दुकानदारानं तीन प्रिंटर दाखवले आणि तिन्हींतून एकच हिरवागार पोपट छापून दाखवला.

"आमच्या घरी पोपट नाई," बाबा म्हणाले. "हिले छापा."

मी मायच्या फोटोचा पेनड्राइव्ह दिला. माय तीनदा बाहेर आली. सगळ्यांत महागाच्या प्रिंटरचा फोटो असा झळकत होता, की मी पैसे काढलेच. बाबांनी माझा हात धरला. "काहून घाई करून राहिली? रंग कच्चा का पक्का, ते उनाले इचार. आठ दिवसानं सांगतो."

"काकाजी, हे काय पापड हायेत का उनात टाकाले?" दुकानदार हसला. आणि मी मेलीही हसले.

घरी आल्यावर बाबांनी तिन्ही कागदांच्या मागे खुणा केल्या आणि टिनाच्या छपरावर मांडले. मागाची एक जुनी फळी आडवी टाकली, म्हणजे प्रत्येक फोटो अर्धा उन्हात, अर्धा झाकलेला. नव्यानं रंगवलेलं सूत ते असंच तपासायचे. वैशाखाचं ऊन होतं. शेजारीण विचारायची, "काय बाप्पा, फोटो काहून वाळू घातले?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नवव्या दिवशी फळी उचलली. तो झळकणारा, माझ्या पसंतीचा, उघड्या बाजूनं चहाच्या डागासारखा झाला होता. दुसऱ्यावर बाबांनी ओला अंगठा फिरवला, तर काठ अंगठ्याला लागून आला. तिसरा दिसायला मंद, मी तर दुकानात त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. त्याचा काठ दोन्हीकडे सारखाच जांभळा होता. "हा पक्का," बाबा म्हणाले, आणि मी त्यांच्या डोळ्यांबद्दल जे बोलले होते ते सगळं मनातल्या मनात गिळलं.

तिन्ही कागद घेऊन पुन्हा तुमसरला गेलो. दुकानदारानं ते उलटसुलट करून पाहिले. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. "काकाजी, हे मले ठेवू देता का? गिऱ्हाइकाले दाखवीन," त्यानं विचारलं. माझा ऊर असा भरून आला म्हणून सांगू! आजूबाजूच्या लोकांना ओरडून सांगावंसं वाटलं, की हा माझा बाप आहे.

तिसरा प्रिंटर घरी आला. मायचा फोटो निघाला. बाबांनी दारातल्या उजेडात लुगड्याची घडी उलगडली आणि काठ कागदाला लावून पाहिला. फार वेळ पाहिला.

"जमला काठ," म्हणाले. मग कागद माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. "चेहरा तू पाह्य, बाई. माह्याच्यानं नाई होत."

मी पाहिला, आणि त्यांना सांगितलं, "बाबा, मायच आहे."