वहिनींनी बांधलेला कंट्रोलर

ज्याने उभे आयुष्य विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांच्या समासात शेरे लिहिण्यात घालवले, त्याने साठी उलटल्यावर कोऱ्या पानाला हात घालावा, हे धाडसच आहे आणि त्याबद्दल वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी. परंतु ज्या हातांविषयी सांगायचे आहे, त्यांनी स्वतःविषयी कधी चकार शब्द काढला नाही. म्हणून हा आगाऊपणा.

ते हात माझ्या वहिनींचे. आम्ही तारनाक्याला एकत्र राहत होतो. दादा रेल्वेच्या कचेरीत, मी कॉलेजात भूगोल शिकवणारा, आणि वहिनी शहराबाहेरच्या एका सरकारी कारखान्यात पॅनेलचे वायरिंग करणाऱ्या. परदेशी माल बाजारात येऊ लागला तसे कारखान्याचे काम आटले, आणि एके दिवशी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज कामगारांच्या हाती पडला. वहिनींनी तो सही न करता कपाटात ठेवला.

"पैशाचं नाही हो भाऊजी," त्या म्हणाल्या. "गेटाबाहेर या हातांना कोणी विचारतं का, तेवढं कळू द्या. मग करते सही."

काचीगुडा स्टेशनजवळच्या एका गल्लीत टीव्ही गेमचे दुकान नुकतेच निघाले होते. मुले तासाच्या भाड्याने खेळत आणि त्यांच्या अंगठ्यांखाली कंट्रोलर दोन महिनेही तग धरत नसत. निकामी झालेल्यांची एक टोपली काउंटरखाली पडलेली असे. भाजी घेऊन परतताना वहिनी तिथे थांबल्या. त्यांनी टोपलीतला एक कंट्रोलर उचलला आणि कानाशी धरून हलवला.

"इसकू मैं ऐसा बना के देतूं, बच्चे थक जाते, ये नै थकता," त्या दुकानदाराला तिथल्या बोलीत म्हणाल्या.

दुकानदार हसला. "एक बना के लाव आपा. चला तो पूरी टोकरी तुम्हारी."

घरी आल्यावर वहिनींनी तो कंट्रोलर पालथा घालून उघडला. आतली सर्किटची पट्टी शाबूत होती. बटणांखालचे रबर तेवढे फाटले होते. ती पट्टी आणि टीव्ही गेमच्या यंत्राकडे जाणारी मूळ वायर तशीच ठेवायची आणि बटणे नवी, दणकट बसवायची, असे त्यांनी ठरवले. आठ बटणांच्या आठ तारा आणि सर्वांची मिळून एक, अशा नऊ. कुठली तार कुठल्या बटणाची, याचे चित्र त्यांनी माझ्याकडून मागितले, कारण नकाशे काढण्याबद्दल घरात माझी ख्याती होती. समोर दिसत होते तसे मी रेखाटले, सुवाच्य अक्षरात वर, खाली, डावे, उजवे लिहिले.

कागद हाती घेऊन त्यांनी विचारले, "हे कुठल्या बाजूनं बघितलेलं?"

प्रश्न मला कळला नाही. कळला नाही असे म्हणण्याची लाज वाटली. "बरोबर आहे, वहिनी," मी म्हणालो.

त्यानंतर चार दिवस मी जे पाहिले, त्याला माझ्याकडे एकच शब्द आहे, शिस्त. गौलीगुड्याच्या जुन्या सामानातून त्यांनी एका मोडीत निघालेल्या यंत्राची बटणे शोधून आणली. सनमायका लावलेली लाकडी स्विचबोर्डची पेटी लहान मुलाच्या पंज्याला बसेल इतकी कापून, कानशीने घासून घेतली. कथलाचा प्रत्येक डाख दिला की तो थंड होईपर्यंत त्या बोलत नसत. मग नखाने तार ओढून पाहत. शेवटी नवाच्या नऊ तारांची जुडी मेणाच्या दोऱ्याने बोटाबोटाच्या अंतरावर गाठी मारून बांधली. वेणी घातल्यासारखी दिसत होती ती. मीटरने प्रत्येक तार कागदाशी पडताळली. टीव्ही गेम घरी नव्हता, त्यामुळे खरी परीक्षा दुकानातच होणार होती.

रविवारी दुकान भरलेले होते. एका मुलाने पेटी हाती घेतली, खेळ सुरू केला आणि ओरडला, "अरे, ये तो उल्टा जारा! लेफ्ट दबाए तो राइट जारा!"

सगळे दुकान हसले. "क्या आपा," दुकानदार म्हणाला, "ये गेम आइने में देख के खेलना क्या?"

त्या क्षणी वहिनींचा प्रश्न मला कळला. मी चित्र काढले तेव्हा कंट्रोलर पालथा होता. मी काढलेले डावे हे खेळणाऱ्याचे उजवे होते. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. चूक माझी, हे सांगायला दोन वाक्ये पुरली असती. मी टीव्हीकडे पाहत राहिलो.

वहिनींनी माझ्याकडे पाहिले नाही. "मेरेच हाथ का है," त्या म्हणाल्या. "परसों ठीक करके लातूं."

घरी येऊन त्यांनी माझा कागद पसरला आणि बराच वेळ पाहिला. मग कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले, 'मागील बाजूने पाहता', आणि दोऱ्याच्या गाठी कापायला घेतल्या.

"दोनच तारा बदलायच्या ना?" मी कसेबसे म्हणालो. "सगळा दोरा कशाला सोडता? आत कोण बघणार आहे?"

"उद्या बिघडला तर उघडणार कोण, भाऊजी? मीच ना? मग मला नीट दिसायला नको?"

तिसऱ्या दिवशी तीच पेटी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मुलांच्या हातांत फिरली. दुकानदाराने पायाने टोपली पुढे सरकवली. "ले जाव आपा, पूरी ले जाव." वहिनी टोपली कडेवर घेऊन बसमध्ये चढल्या, आणि त्याच आठवड्यात अर्जावर सही करून मोकळ्या झाल्या.

पुढे कित्येक वर्षे त्यांनी असली कामे केली, आणि त्यांची चित्रे मीच काढत राहिलो. दर वेळी बाजू कोणती ते त्या विचारत, मी सांगत असे. त्या रविवारविषयी मात्र आम्ही दोघांनी कधी अवाक्षर काढले नाही. त्यांना सारे ठाऊक होते, आणि मला ते ठाऊक आहे, हेही त्यांना ठाऊक होते. तरीही भर दुकानातले ते हसू त्यांनी एकटीने झेलले, हे माझ्याने विसरवत नाही.

तुम्ही माझ्या जागी असता, तर त्या दुकानात बोलला असता का?