समई आणि स्पिरिट

सुनेचा उजवा हात जळत होता आणि खोलीतल्या एकालाही ते दिसत नव्हतं. तिला स्वतःलाही नाही. निळा रबरी हातमोजा, त्यावर सांडलेलं गुलाबी स्पिरिट आणि त्यावर फिरणारी फिकट निळी ज्योत. पाहुणे हसऱ्या तोंडाने फोटोला उभे होते.

दाराशी फरशी पुसायची बादली होती. मी तिच्यातला ओला पोछा उचलला आणि सुनेच्या हाताभोवती करकचून गुंडाळला.

"माताजी, ये क्या कर रही हैं आप?" तिचे साहेब म्हणाले.

"आपका काम," मी म्हटलं.

टेबलावरही तीच ज्योत पसरत होती. पूजेचं ताट तिथेच होतं. ते मी ज्योतीवर उपडं घातलं. फुलं, कुंकू, अक्षता, सगळं यंत्रावर सांडलं. तेव्हा मात्र सगळ्यांना दिसलं. कुंकू सांडलेलं दिसतं लोकांना.

सून गुरुग्रामच्या एका प्रयोगशाळेत काम करते. तीन वर्षं ती एकच वस्तू करत होती. नखाएवढी पारदर्शक चकती, तिच्या पोटात केसाएवढी बारीक गोल नळी. त्या नळीतून स्पिरिटमध्ये कालवलेला रंग फिरवायचा आणि वरून हिरवा प्रकाश टाकायचा. मग रंगातून निघालेला उजेड त्या गोलात फिरत राहतो, फिरता फिरता जोर धरतो आणि लेझर होऊन बाहेर पडतो. रक्ताच्या थेंबातला रोग त्याने ओळखता येईल म्हणतात. रंग उजेडाने लवकर विटतो, म्हणून पंपाने सतत ताजा सोडावा लागतो. एवढं मला समजलं. गोल गोल फिरून जोर धरणाऱ्या गोष्टी मला नव्या नाहीत. नवऱ्याने जन्मभर केंद्र सरकारची नोकरी केली, फायली मी पाहिल्यात. त्यातून उजेड मात्र कधी पडला नाही.

चकती चालू लागली, तशी साहेबांना उद्घाटनाची हुक्की आली. घरच्यांनाही बोलावलं. दिल्लीतल्या द्वारकेहून कॅबने मी सुनेबरोबर गेले. पाहते तर यंत्राच्या टेबलावरच पितळेची समई.

"सर, दिया बाहर रख दें? यहाँ स्पिरिट है," सून म्हणाली.

"अरे बेटा, दिया बाहर रखोगी तो फोटो में क्या आएगा? शगुन की चीज़ है."

दोन पदव्या घेतलेली मुलगी, घरात माझ्याशी आमटीतल्या मिठावरून वाद घालते. तिथे "जी सर" म्हणाली. शिकलेल्या माणसांचं हे मला कधी उमगलं नाही. जे येतं, ते सोडून बाकी सगळ्यावर भांडतात.

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. समई लावली आणि भाषणाला उभे राहिले. देशाची प्रगती, मातृशक्ती, सगळं झालं, मग फोटो. पंप तेवढा वेळ चालूच. नळीत कुठेतरी कचरा अडकला असणार. दाब वाढला, पंपाची नळी फटकन निसटली आणि रंगाचं स्पिरिट सुनेच्या हातावर आणि टेबलावर उडालं. ती पंप बंद करायला वाकली. पंप समईच्या पलीकडे होता.

आता दिसलं का नाही, ते सांगते. हिरव्या उजेडाने डोळे जाऊ नयेत म्हणून सगळ्यांना नारिंगी काचांचे चष्मे दिले होते. त्यातून हिरवं दिसत नाही आणि निळंही दिसत नाही. समईची पिवळी वात सगळ्यांना दिसत होती, स्पिरिटची ज्योत एकालाही नाही. माझ्या चष्म्यावर तो दुसरा चष्मा बसेना, म्हणून मी तो हातातच धरला होता. आणि पंचवीस वर्षं मी स्पिरिट टाकून स्टोव्ह पेटवलाय. ते कसं जळतं, हे मला कुणी शिकवायला नको.

विझल्यावर सून रडायला लागली. मला वाटलं, हात. हाताकडे बघतसुद्धा नव्हती. चकतीकडे बघत होती. तिच्यावर कुंकवाचा चिखल, तांदळाचे ओरखडे.

"आई, संपली ती. तीन वर्षं."

"तीन वर्षांत एक झाली ना? मग दुसरी होईल. हात दुसरा येत नाही."

"तुम्हांला नाही कळणार."

"नको कळू दे. मोजा काढ."

हातमोजा सुटेना. दोन ठिकाणी कातडीला चिकटला होता. मी नळाखाली धरून कात्रीने कापून काढला. अंगठ्याच्या बुडाशी मोठा फोड, मनगटावर लहान. बोटं हलवून दाखव म्हटलं, तर पाचही हलली.

साहेब जवळ आले. आता काहीतरी बरं बोलतील असं वाटलं.

"माताजी, आपने चश्मा क्यों नहीं पहना? यहाँ रूल है."

मी त्यांचा चष्मा कपाळावर सरकवला आणि सुनेचा हात त्यांच्या नाकासमोर धरला. बघितलं त्यांनी. मग डॉक्टरला फोन लावला. पाहुणे चहा न घेता गेले, ते एक बरं झालं.

पुढच्या महिन्यापासून सून परत कामाला जाऊ लागली. दुसरी चकती करतेय. हाताने चिमटा नीट धरता येतो.

त्या खोलीत आम्ही नऊ जण होतो. नऊही जिवंत आहोत. भाजलं एकटीला, सुनेला.