म्हशीनं पाडलेलं विमान

“ह्यांनी म्हैस ओढली न्हाय, म्हणून विमान पडलं!” चौकशीला आलेल्या साहेबांपुढं आमच्या गावचे पाटील असे ओरडत होते, की तिकडं संकेश्वरच्या बाजारात तराजू हलले असतील.

परवा घरात रॉकेल सांडलं आणि त्या वासानं मला थेट त्या जळक्या उसाच्या फडात नेऊन उभं केलं. लढाऊ विमान पडून दोन दिवस झाले होते, तरी सांडलेल्या इंधनाच्या वासानं मुंग्यासुद्धा नाक दाबून चालत होत्या. पायलट छत्रीनं सुखरूप उतरला होता. इंजिनात घार शिरली, हे साहेबांना कळलं होतं; एवढ्या घारी इथं जमल्या कशाला, ते विचारत होते.

पाटलांची मेलेली म्हैस त्यांच्याच बांधावर चार दिवस कुजत होती. मेलेली जनावरं ओढणं आमच्या वस्तीनं दीक्षा घेतल्यापासून सोडलं होतं. विमान सरकारचं, म्हैस पाटलांची आणि गुन्हा तेवढा आमचा. तेव्हा मला हसू आलं होतं; आता तळपायाची आग मस्तकाला जाते.

साहेबांनी कागद पुढं ओढला आणि माझ्या वडिलांना, आप्पांना, नाव विचारलं. आप्पांनी ते सांगितलं.

“आता म्हैस कुणाची हुती, ते बी लिवा.”