रेडिओ सांगेल तेव्हाच

आमच्या अर्नाळ्यात रेडिओला घरातल्या वडीलधाऱ्याचा मान आहे. वादळाची सूचना आली की होडी ओढून वर घ्यायची. सूचना मागे घेतल्याचं रेडिओनं सांगितल्याशिवाय ती पाण्यात घालायची नाही. एका वर्षी आभाळ स्वच्छ होतं, वाराही नव्हता, तरी ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, होडी वर घेतली. सगळी आळी हसली. "रेडिओचा जावई" असं नाव पडलं ह्यांना. दुसऱ्या दिवशी दोन होड्या खडकावर फुटल्या. तेव्हापासून हे रेडिओपुढे कोणाचंच ऐकत नाहीत.

करोनाची टाळेबंदी लागली त्याच आठवड्यात ह्यांच्या पायात शिंगाळ्याचा काटा गेला. जाळं काढताना मासा पायाखाली आला होता. काटा लागणं आम्हाला नवीन नाही. गरम पाण्यात पाय धरायचा, हळद लावायची, दोन दिवसांत माणूस चालायला लागतो. पण ह्यांना साखर आहे. चौथ्या दिवशी अंगठा सुजून जांभळा झाला.

रेडिओ सारखा सांगत होता, अत्यावश्यक कारणाशिवाय घराबाहेर पडू नका. आगाशीच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला होता.

चंदनसारला दिलेल्या मुलीचा फोन आला. "आई, पप्पांना आजच मोठ्या हॉस्पिटलला ने. ती अनाउन्समेंट पप्पांच्या पायासाठी नाहीये गं."

ह्यांनी ऐकलं. म्हणाले, "सरकारचा रेडिओ हाय तो. मोबाईलवर कोन पन काय पन बोलतो. बंदी उठली की रेडिओच सांगेल."

"आणि तोवर पाय?"

"पाय कुठं पलून जातोय?"

वादळाच्या सूचनेत कुठला किनारा, किती दिवस, सगळं सांगतात. ह्या सूचनेला किनारा नव्हता. अत्यावश्यक म्हणजे काय, जांभळा अंगठा त्यात बसतो का, हे कोणाला विचारायचं ते मला कळेना. दिल्लीत कोणीतरी ते वाक्य लिहिलं असेल, कोणा साहेबानं त्यावर सही केली असेल, आणि तेच वाक्य साऱ्या देशाला वाचून दाखवत होते. त्यांचा आवाज आमच्या चुलीपर्यंत येत होता. आमचा त्यांच्यापर्यंत जायला वाट नव्हती.

मग रेडिओवर एक नंबर सांगितला, शंका असेल तर फोन करा. मी तो कॅलेंडरवर लिहून घेतला. अनोळखी माणसाशी बोलायची मला भीती वाटते. बाजारातसुद्धा विकायला माझी जाऊ बसते, मी मागे मासे साफ करते. तरी हे झोपले असताना मी परसात जाऊन नंबर लावला. खूप वेळ रेडिओतलंच सगळं पुन्हा ऐकवलं. मग एक माणूस बोलला.

"ताप आहे?"

"नाय."

"खोकला?"

"नाय."

"परदेशातून कोणी आलंय?"

"आमच्याकडे कोन येनार?"

"मग घरीच राहा. काळजी घ्या." फोन बंद झाला. माझं वाक्य तोंडात तयार होतं, आमच्या ह्यांच्या पायाला, एवढं. त्यानं पायाचं विचारलं नाही आणि मला मध्ये बोलायला जमलं नाही. पुन्हा नंबर लावायचा धीर झाला नाही.

घरात आले तर हे जागे होते. माझ्या हातातला फोन त्यांनी बघितला. "काय बोलले?"

"घरीच राहा बोलले."

"बघ," हे म्हणाले, आणि समाधानानं भिंतीकडे वळले.

आणखी पाच दिवस गेले. मग पायाला वास येऊ लागला. तापही चढला. ह्यांचं बोलणं भरकटायला लागलं तेव्हा शेजारच्या टेम्पोवाल्या भाच्यानं मला विचारलंसुद्धा नाही, ह्यांना उचलून मागे झोपवलं. नाक्यावर पोलिसानं अडवलं. "अत्यावश्यक आहे का?" मी पायावरचं फडकं बाजूला केलं. त्यानं तोंड फिरवलं आणि हातानं जा म्हणून खूण केली.

हॉस्पिटलात डॉक्टर बाई रागावल्या. "इतके दिवस काय करत होता तुम्ही?"

"रेडिओ ऐकत व्हतो," हे तापातच म्हणाले.

"रेडिओनं पाय कुजवत बसा सांगितलं होतं?"

बाई चुकीचं बोलत नव्हत्या. रेडिओनं तसं कधीच सांगितलं नव्हतं. गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी रेडिओवर आलं की इतर आजारांच्या रुग्णांनी उपचार लांबवू नयेत. हे खाटेवर बसून ऐकत होते. "आता सांगतायत," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "पन तू विचारलं व्हतंस ना पायाचं. तेव्हा त्यांनीच घरी बसा सांगितला. मग आपली काय चूक?"

मी हो म्हटलं. आता होडी दीर नेतो. हे दुपारी ओट्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, माझ्या बायकोनं सरकारला विचारलं होतं. मी आत भांडी घासत असते. ते सांगून संपेपर्यंत मी बाहेर येत नाही.