पिवळ्या चिठ्ठीचे उंदीर

उंदरांच्या खोलीत शिरण्याआधी मामा दारावर टकटक करायचे. आतून कोण ‘या’ म्हणणार होतं, देव जाणे. मग दार किलकिलं करून म्हणायचे, “मंडळी, दिवा लावतोय हं,” आणि मगच बटण दाबायचे. तुमच्याही कचेरीत असा एखादा मामा असेल. साहेबांपेक्षा मुक्या जिवांशी अदबीनं वागणारा.

आमची खासगी प्रयोगशाळा वारज्याच्या पुढे होती. माझ्या मैत्रिणी एकेक करून कॉम्प्युटर कंपन्यांत जात होत्या, त्या काळात मी तिथे लागले. मामा बिबवेवाडीहून स्वारगेटला बस बदलून यायचे, तरी माझ्याआधी हजर. “ताई, त्या कॉम्प्युटरलाही उंदीर असतो म्हणे,” ते चिडवायचे. “पण त्याला खायला घालावं लागत नाही. तुमचंच जरा चुकलं.”

त्या वर्षी जनुकीय बदल केलेला मका तपासणीला आला. तो माणसानं खाल्ला तर चालेल का, हे आधी उंदरांना विचारायचं. निम्म्या पिंजऱ्यांना हिरवी चिठ्ठी, त्यांना साधा मका. उरलेल्यांना पिवळी, त्यांना बदललेला. बाकी तीन महिने सगळं अगदी सारखं. कोणता मका कुणाला, हे मामांना मुद्दामच सांगितलं नव्हतं. ते उंदीर तराजूवर ठेवायचे, आकडा सांगायचे, मी लिहायचे. त्यांच्या हातात उंदीर कधी धडपडला नाही.

पाचव्या आठवड्यात पिवळ्यांची वजनं मागे पडू लागली.

“ताई, पिवळ्यांची रया गेली हो. अन्नाला तोंड लावत नाहीत.”

मी साहेबांना सांगितलं. “आकडे लिहा,” साहेब म्हणाले. “हळहळीला वहीत रकाना नाही.”

पुढच्या काही आठवड्यांत पिवळे सावरले. शेवटी दोन्हीकडचे आकडे सारखे आले. ‘फरक आढळला नाही’ असा अहवाल तयार झाला आणि त्यावर पहिल्यांदाच माझं नाव येणार होतं. मी पेढे आणले. मामांनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही.

“ताई, मी पिवळ्यांना भाकरी घालत होतो. माझ्या डब्यातली. रोज चिमूटभर. उपाशी जीव बघवेना.”

मी पेढ्यांचा पुडा मिटून ठेवला. “अहो मामा, काय केलंत हे!”

“म्हणजे ते मक्यावर सावरले की भाकरीवर, हे आता...”

“कुणालाच कळणार नाही.”

मामा दर रविवारी विहारात जायचे. पंचशील नुसतं म्हणणाऱ्यांतले नव्हते, पाळणाऱ्यांतले होते. “माझ्यापायी खोटं लिहिलं जाणार,” ते म्हणाले. “मी साहेबांना सांगतो. नोकरी जाईल तर जाऊ दे.”

“तुम्ही नका बोलू. मी सांगते.”

मी सांगितलं नाही. मामांची नोकरी वाचावी म्हणून, असं स्वतःला समजावलं. खरं तर अहवालावरचं माझं नाव मला सोडवत नव्हतं. पिवळे का मागे पडले, मक्यानं की त्या बाजूच्या कूलरच्या वाऱ्यानं, ते मला आजही ठाऊक नाही. कदाचित तो मका अगदी निर्धोक असेल. पण हे ‘कदाचित’ काढून टाकण्यासाठीच तर आम्ही तिथे होतो.

अहवाल गेल्यावर मामांनी विचारलं, “सांगितलंत?” मी होकारार्थी मान हलवली. म्हटलं, अहवालात तशी नोंद झाली, साहेबांनी पोटात घातलंय, आता हा विषय त्यांच्यापाशी काढू नका. मामांचे डोळे भरून आले. “मोठ्या मनाचा माणूस,” म्हणाले. त्या दिवसापासून ते साहेबांना वाकून नमस्कार करू लागले. मला ते बघवायचं नाही.

मामा निवृत्त झाले, प्रयोगशाळाही बंद पडली. अजूनही काम करताना मध्येच ते पिंजरे डोळ्यांपुढे येतात. मामा आकडा सांगतात आणि माझा हात लिहीत राहतो.

मामा गेल्याचं कळलं तेव्हा मी बिबवेवाडीला गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम नुकताच आटोपला होता. फोटोपुढे मेणबत्त्या जळत होत्या. मामांच्या पत्नीनं, काकूंनी, मला ओळखलं नाही. नाव सांगितलं तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि सुनेला हाक मारली.

“अगं, ह्याच त्या ताई. ह्यांनी साहेबांना खरं सांगितलं म्हणून हे शांत झोपू शकले. शेवटच्या आजारातसुद्धा म्हणायचे, ताई होत्या म्हणून माझं शील राहिलं.”

आता तरी बोलायला हवं होतं. मामांना आता काही कळणार नव्हतं आणि माझं काही जाणार नव्हतं. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“हो काकू,” मी म्हणाले, “सांगितलं होतं.”