चांदाची पाऊणपट

खैरुद्दीन हमदुले निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्यामागे ठेवून दिलं. एकेचाळीस वर्षं त्यांनी उम्म अल कुवैनच्या कारखान्यांच्या भागात पत्र्याच्या मोठ्या नळ्या बनवल्या होत्या. दुबईतल्या उंच इमारतींत माणसं जी थंड हवा खातात ती कुठल्यातरी नळीतून येते, आणि त्यातल्या कितीतरी नळ्या खैरुद्दीनच्या हातच्या. आता मात्र पुरे. घरामागे खाडी होती, खाडीत तिवरं होती, तिवरांपलीकडे गुलाबी पायांचे फ्लेमिंगो होते. वेळ काय झाली ते खाडी सांगेल, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

"खाडी सांगेल," जुलेखाबी म्हणाल्या, "आणि भाताचा कुकर कधी उतरवायचा तेही तीच सांगेल काय?"

मुलगा मोईन दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायचा, बायको शहनाझ आणि सात वर्षांच्या इनायासह. त्याने आईबापांना आपल्या व्हिसावर ठेवून घेतलं होतं. गावी बागमांडल्याला घर होतं, पण जुलेखाबींना नात सोडून जायचं नव्हतं आणि खैरुद्दीनना ही खाडी. कारण ती थेट त्यांच्या गावच्या खाडीसारखी होती. तोच चिखलाचा वास, तीच तिवरांची उघडी मुळं, तेच पाणी जे दिवसातून दोनदा घरी येतं आणि दोनदा रुसून जातं.

खैरुद्दीनचे वडील बाणकोटच्या खाडीत तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे. वेसवीची माणसं बागमांडल्याला आणि बागमांडल्याची वेसवीला. त्यांना लिहिता येत नव्हतं, पण भरती कधी येणार हे ते झोपेतही सांगत. हिशेब असा: भरती रोज पाऊण तास उशिरा येते. म्हणून चांदाची तारीख घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढे वाजले की पाणी पूर्ण भरलं. चांदाची आठ असेल तर सहा वाजता. बारा असेल तर नऊ वाजता. हा हिशेब म्हणजे बापाने मुलाला दिलेली एकुलती एक इस्टेट.

निवृत्त झाल्यावर खैरुद्दीन सहा महिने खाडीकाठी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले, आणि त्यांनी शोधून काढलं की इथल्या खाडीला त्या पाऊणपटीत आणखी दीड तास मिळवायचा. बस्स. बाकी बापाचा हिशेब जसाच्या तसा! त्या दिवशी ते असे काही नाचत घरी आले की जुलेखाबींना वाटलं लॉटरी लागली.

तारीख बघायची ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. गावच्या जमातीने छापलेलं ते कॅलेंडर जुलेखाबींचे भाऊ दरवर्षी कुणाच्या तरी बॅगेतून पाठवत. त्याची गंमत अशी, की गावचा चांद आणि इथला चांद बहुधा जुळत नाही. इथे चांद एक दिवस आधी दिसतो. इथली ईद आज, तर गावची उद्या. जुलेखाबी दोन्ही दिवस शिरखुर्मा करत, आणि खैरुद्दीन दोन्ही दिवस तक्रार न करता खात.

मग त्यांनी होडी घेतली. इथल्याच एका म्हाताऱ्या मच्छीमाराची, दोन वल्ह्यांची, बाराशे दिरहमला.

"म्हणजे जवळजवळ तीस हजार रुपये," जुलेखाबी लगेच म्हणाल्या. "गावचं न्हाणीघर झालं असतं!"

खैरुद्दीनने होडीला हिरवा रंग दिला आणि पुढच्या बाजूला पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, जुलेखा.

"पुसा ते."

"का गो?"

"उद्या बुडाली तर लोक म्हणतील, जुलेखा बुडाली."

नाव राहिलं, पण जुलेखाबी काही होडीत बसेनात. त्याला कारण होतं आणि ते बेचाळीस वर्षं जुनं होतं. लग्नाच्या दिवशी नवरी वेसवीहून बागमांडल्याला निघाली. वल्ह्यावर सासरे, मध्ये लाल ओढणीत जुलेखा, शेजारी तिची लग्नाची पेटी. मधल्या पाण्यात नवरदेवाला काठावरचे मित्र दिसले, आणि नवरदेव त्यांना हात करायला उभा राहिला. होडी कलली. पेटी पाण्यात गेली. पेटीत आईने भरतकाम केलेली सहा उशांची कव्हरं होती. त्या दिवसापासून जुलेखाबी विमानात बसल्या, लिफ्टमध्ये बसल्या, मोईनच्या गाडीत ताशी एकशेवीसने बसल्या, होडीत नाही.

खैरुद्दीन रोज सकाळी विचारत. ह्या जानेवारीत, एका शनिवारी, त्या अचानक हो म्हणाल्या.

"एकदा बसते. पण ऐका, मोईनचे अब्बा. तुम्ही उभं राहायचं नाही. आणि मला जर भीती वाटली, तर घरी आल्यावर होडी विकायची. पुन्हा पाण्याचं नाव काढायचं नाही. खलास."

"खलास," खैरुद्दीन म्हणाले. होडी गेली तर उरलेलं आयुष्य प्लास्टिकच्या खुर्चीत.

म्हणून त्यांनी हिशेब अगदी जपून केला. भरती होऊन चार तास झाले, की खाडीच्या मधल्या चिखलाच्या उंचवट्यावरून होडी जात नाही, हे त्यांना माहीत होतं. कॅलेंडर बघायला गेले तर खिळ्यावर कॅलेंडर नाही.

"इनायाला दिलं मागल्या आठवड्यात," आतून आवाज आला. "मागची बाजू कोरी होती. पोरीला चित्र काढायचं होतं."

काय बिघडलं! खैरुद्दीनने फोन उघडला. फोनवर चांदाची तारीख होती अकरा. अकराची पाऊणपट सव्वाआठ, त्यात दीड तास, म्हणजे पावणेदहाला भरती. चार तास मिळवले की पावणेदोन. पावणेदोनच्या आत उंचवटा ओलांडून घरी. उत्तम.

अकरा वाजता काठावर उल्हास हजर होते. उल्हास मूळचे अलिबागचे, जुमेरा लेक टॉवर्समध्ये बावीस वर्षं नोकरी करून आता दोन गल्ल्या पलीकडे राहायचे.

"वहिनी, लाइफ जॅकेट घट्ट बांधा," ते म्हणाले. "खैरूभाई, टायमिंग बघितलंय ना?"

"उल्हासभाऊ, माझ्या बापाचं टायमिंग आहे ते!"

जुलेखाबी एका हातात डबा, दुसऱ्या हातात थर्मास घेऊन बसल्या. डब्यात सांदणं आणि बांगड्याचं सुकं. दीड वाजता घरी जेवायचं ठरलं असताना डबा कशाला, असं खैरुद्दीनने विचारलं होतं. "पाण्याचा काय भरवसा," एवढंच उत्तर मिळालं होतं. बसताच त्यांनी डोळे मिटले आणि दुआ सुरू केली.

पाणी निळं, आरशासारखं. वल्ही पडली की त्यावर दोन गोल उमटायचे आणि हसत हसत विरून जायचे. खैरुद्दीनना वाटत होतं आपण अठरा वर्षांचे आहोत.

"डुलली!" जुलेखाबी ओरडल्या.

"डुलली नाही गो. श्वास घेतला तिने."

"डुलली! मला कळतं."

"अगो, डोळे उघड. ते बघ फ्लेमिंगो. तीनशे तरी असतील."

"तुम्ही बघा. मला नंतर सांगा."

तिवरांपर्यंत जाऊन होडी वळली तरी डोळे मिटलेलेच. दुआ संपली की पहिल्यापासून. मध्येच एकदा, ओठ न हलवता, त्या म्हणाल्या, "उद्याच विकायची. उल्हासभाऊंना विचारा, त्यांना हवी आहे का."

खैरुद्दीनची वल्ही आता अशी पडत होती जशी एखादा माणूस नको असलेल्या पाहुण्याला भाकरी वाढतो. एक वाजून वीस मिनिटांनी ते उंचवट्यापाशी आले. हाताशी पंचवीस मिनिटं होती. आणि तेवढ्यात होडीच्या पोटाखालून आवाज आला, कुणीतरी मोठा ढेकर दिल्यासारखा. होडी थांबली.

खैरुद्दीनने वल्हं खाली टोचलं. वल्हं चिखलात गेलं आणि परत येताना अर्धा चिखल घेऊन आलं. पुन्हा टोचलं. होडी हूं की चूं करीना. बसल्या बसल्या त्यांनी ढकलायचा प्रयत्न केला, पुढे वाकले, मागे वाकले, घामाने भिजले. उभं राहून ढकललं असतं तर कदाचित जमलं असतं, पण उभं राहायचं नाही असा शब्द दिला होता. तोवर आजूबाजूचं पाणी शांतपणे निघून गेलं. दोन्ही बाजूंना गुडघाभर चिखल चकाकू लागला, आणि त्यात छोटे खेकडे बाहेर येऊन हिरव्या होडीकडे बघू लागले.

"थांबलो का आपण?" जुलेखाबींनी विचारलं.

"हं."

"घर आलं?"

"नाही. अडकलो. संध्याकाळपर्यंत पाणी नाही."

खैरुद्दीनने मान खाली घातली. एकेचाळीस वर्षांत त्यांनी एक नळी चुकीच्या मापाची कापली नव्हती. आणि आज, ज्या दिवशी चुकायचं नव्हतं त्याच दिवशी, बापाच्या हिशेबासकट चिखलात.

जुलेखाबींनी एक डोळा उघडला. मग दुसरा. त्यांनी होडीची कड धरून जोरात हलवली. हलली नाही. डावीकडे सरकून बसल्या. उजवीकडे सरकून बसल्या. मग साठीच्या त्या बाईने एक छोटीशी उडी मारून बघितली.

"अगदीच हलत नाही हो ही!"

"कशी हलेल?"

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" त्यांचा चेहरा उजळला. "अशी होडी असते होय! मला वाटलं सगळ्याच डुलतात." त्यांनी लाइफ जॅकेटची वरची गाठ सैल केली, पाय पसरले, डबा उघडला आणि पहिल्यांदा समोर बघितलं. "या अल्ला! किती ते पक्षी! आणि ते लाल लाल काय आहे पायांत? मोजे घातलेत का सगळ्यांनी?"

काठावरून उल्हासांचा फोन आला. "खैरूभाई, कुणाला बोलावू का मदतीला?"

खैरुद्दीन काही बोलायच्या आत जुलेखाबींनी फोन हिसकावला. "नको हो भाऊ, काही नको. आम्ही जेवतोय. तुम्ही बसा घरी, आम्ही आलो की सांगतो."

दोघं जेवले. चिखलाच्या मधोमध, खेकड्यांच्या देखत, सांदणं आणि बांगड्याचं सुकं. जेवून झाल्यावर जुलेखाबींनी गावच्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. "बघ रे, मी खाडीत बसलेय! हो, हो, होडीत! नाही, बिलकूल भीती नाही. माझी होडी फार गुणाची आहे." मग जावेला. मग मैत्रिणीला, जिला ह्या होडीचं नावही दाखवलं, स्वतः वाकून, कडेच्या बाहेर फोन धरून. खैरुद्दीन थर्मासच्या झाकणातला चहा पीत आपल्या बायकोकडे असे बघत होते जसं लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. त्या वेळी मित्रांकडे बघत होते ना.

चार वाजता डिस्कव्हरी गार्डन्सला फोन लागला.

"अम्मी, तुम्ही दोघं कुठे आहात?" मोईनचा चेहरा घाबरलेला. "अजून परत नाही? अब्बा, टेन्शन नका देऊ."

"दादी, आर यू स्टक?" इनाया मध्ये घुसली.

"हो बाळा! मस्त अडकलोय."

"सो कूल! वेट, माझं ड्रॉइंग बघ. आय मेड फ्लेमिंगोज!"

तिने कागद कॅमेऱ्यासमोर धरला. मागून खिडकीचा उजेड येत होता. गुलाबी पक्ष्यांच्या पोटांतून चौकोन चौकोन दिसत होते, चौकोनांत आकडे. खैरुद्दीन ताठ झाले.

"इनाया, जरा उलटा कर तो कागद. आजच्या शनिवारच्या चौकोनात बघ. खाली बारीक आकडा आहे चांदाचा. किती?"

"टेन, दादा."

दहा! खैरुद्दीनने कपाळावर हात मारला. सहा महिने हिशेब केला तो गावच्या कॅलेंडरवर, आणि आज तारीख घेतली ती इथली. फोनचा चांद एक दिवस पुढे! दहाची पाऊणपट साडेसात, त्यात दीड तास, भरती नऊला. चार तास, म्हणजे एक वाजेपर्यंत. ते आले एक वीसला.

"बघितलंस?" ते बायकोकडे वळून ओरडले, आणि त्या ओरडण्यात नुसता आनंद होता. "बापाचा हिशेब बरोबर होता! चांद चुकीचा घेतला!"

"म्हणजे कॅलेंडर मी दिलं म्हणून अडकलो?"

"तू दिलंस म्हणून."

"मग माझे आभार माना," जुलेखाबी म्हणाल्या आणि फोनकडे वळल्या. इनायाला एकेका पक्ष्याचं नाव ठेवायचं होतं. दोघी नावं ठेवत राहिल्या. एकाचं नाव मोईन पडलं, कारण तो एका पायावर झोपला होता.

नावांचा तो कारभार चालू असताना खाडीच्या तोंडाकडून पाणी परत आलं. आधी चिखलावर एक चमकती रेघ, मग रेघेची बोटं, मग बोटांचा तळहात. खेकडे आपापल्या बिळांत गेले. सव्वापाचला पाण्याने होडीच्या पोटाला हात लावला, आणि होडी इतक्या हळू सुटली की खैरुद्दीनने श्वास रोखून धरला. त्यांनी वल्ही आवाज न करता पाण्यात टाकली.

उंचवटा मागे पडला. आकाश केशरी झालं. फ्लेमिंगो एकदम उडाले आणि डोक्यावरून गेले.

"इनाया, बघ बघ, मोईन उडाला!" जुलेखाबींनी मान वर केली, मग खाली केली. काठावरची तिवरं सरकत होती. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "आपण चाललोय का?"

"केव्हाचे."

त्यांनी एका हाताने कड धरली. डोळे मिटायला आले, पण फोनमध्ये नात बघत होती. त्यांनी डोळे उघडेच ठेवले.

"डुलतेय," त्या म्हणाल्या.

"हो. डुलतेय."

काठावर उल्हास चहाचा ट्रे घेऊन उभे होते. होडी वाळूला लागली तेव्हा खैरुद्दीनने धीर केला.

"मग? उल्हासभाऊंना विचारू का, हवी आहे का म्हणून?"

"काय हवंय?" उल्हास म्हणाले.

"काही नाही," जुलेखाबींनी चप्पल हातात घेतली आणि पाण्यात पाय टाकला. "होडी विकायची नाही. पण माझी अट आहे, मोईनचे अब्बा. दर शनिवारी त्याच जागी अडकायचं. आज फार घाई झाली, चहा पण पुरला नाही. पुढच्या वेळी गादी घेऊ."

तेव्हापासून खैरुद्दीन हमदुले यांचं काम दुप्पट झालं आहे. कोकणातल्या कुठल्याही तरवाल्याने कधी केला नसेल असा हिशेब ते करतात: होडी नेमकी किती वाजता निघाली, म्हणजे परतताना ती नेमकी उंचवट्यावर बसेल, आणि संध्याकाळच्या, मगरिबच्या नमाजाच्या आत सुटेल. काही शनिवारी पाणी ऐकत नाही, तेव्हा बाई फुरंगटून घरीच बसतात. गावचं कॅलेंडर इनायाकडून परत आलं आहे आणि जुन्या खिळ्यावर आहे. त्यावर फ्लेमिंगोची बाजू बाहेर असते. तारीख बघायची तर उलटावं लागतं. खैरुद्दीन रोज उलटतात, बघतात, पाऊणपट करतात, आणि कागद पुन्हा पक्ष्यांच्या बाजूने ठेवतात, कारण तसा हुकूम आहे.